काकूंना आज बसवू नका

काम साधंच होतं. मोटरसायकलला साइडकार निवडायची होती.

दिवा नको लावूस रे, डास येतात. आणि मधेमधे 'मग काय झालं' असं विचारायचं नाही. जसं झालं तसं सांगतो. माझ्या दुकानाला लागून ज्याचं चष्म्यांचं दुकान होतं, त्याची ही गोष्ट. नाव कशाला हवंय? आम्ही सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचो. माणूस नाकासमोर चालणारा. थापा मारायची अक्कलच नव्हती त्याच्यात, म्हणून तर मी ऐकून घेतलं.

चष्मेवाल्याला आणि त्याच्या बायकोला एकच वेड होतं, भटकायचं. वर्षातून दोनदा दुकानाला कुलूप लावायचं, मोटरसायकलला पिशव्या बांधायच्या आणि रस्ता नेईल तिकडे जायचं. मागे बसलेल्या बायका 'हळू चालवा' म्हणतात, ही म्हणायची, "अहो, त्या ट्रकच्या मागे काय झोपलात? काढा की पुढे." पुढे तिचा डावा गुडघा गेला. वाकेनासा झाला, पाऊल सुजायला लागलं. गाडीवर बसली की ती डावी चप्पल काढायची आणि मांडीवर घेऊन बसायची. शेवटी मागच्या सीटवर चढणंच जमेना. तेव्हा दोघांनी ठरवलं, गाडी विकायची नाही, साइडकार जोडायची. म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला एका चाकावरचा डबा. आत खुर्चीत बसल्यासारखं बसायचं.

आणि तिथून सुरू झालं भांडण. साइडकार बसवून देणाऱ्या फिटरकडे तीन डबे होते. एक सामानाचा, तो बाद. दुसरा आखूड, होडीसारखा, पुढे निमुळता. दिसायला एक नंबर. तिसरा लांबडा, दाराचा, पाण्याच्या टाकीसारखा बोजड. चष्मेवाल्याचा जीव होडीवर. बायको म्हणायची, "शोभाच बघायची तर भिंतीवर टांगा तिला. मला पाय लांब करायला जागा हवी." हा म्हणायचा, "त्या टाकीत बसलीस तर लोक मला पाणी मागतील." वर्षभर हेच चाललं. भांडण लटकंच, पण हटायला कोणी तयार नाही.

मग ती गेली. एका सकाळी उठलीच नाही. भांडण तसंच राहून गेलं.

चष्मेवाला रडला नाही. लोक बोलले, लोकांना काय. दुसऱ्या आठवड्यात त्यानं दुकान उघडलं. काचा घासत होता, काड्या बसवत होता, सगळं बिनचूक. लेक परगावी असायची, तिचा रोज फोन.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

यावर हा दुसरी काच घासायला घ्यायचा.

"बाबा, ती गाडी विकून टाका ना आता. मला रात्री झोप लागत नाही हो. एकट्यानं कुठे जाणार आहात तुम्ही?"

"बघू."

मला तो म्हणाला होता, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसं अख्खं अंग झालं होतं. आपलंच आहे, पण कळत काही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बायको गेली हे वाक्य त्यानं एकदाही स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं. कळवायचं काम लेकीनं केलं होतं.

फिटरला मात्र कोणी कळवलं नव्हतं. त्याचं वर्कशॉप डोंगरापलीकडे. त्याचा फोन आला.

"काका, चाक आणि सांगाडा तयार आहे. या आणि डबा कुठला ते एकदाचं ठरवा. काकूंना घेऊन या, नाहीतर मागाहून माझ्या डोक्यावर बसतील."

चष्मेवाल्यानं सांगायला तोंड उघडलं. आणि म्हणाला, "येतो."

फोन आला म्हणून गेला. गॅसवाल्याचा आला असता तर तिकडे गेला असता.

बुधवार होता तो. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले. चंद्राची नखाएवढी कोर होती, तीही अंधार पडता पडता बुडाली. दुपारपासून फिटर गाडीखाली आडवा पडून सांगाडा जोडत होता आणि चष्मेवाला तेलकट स्टुलावर बसून होता. हात पुसत फिटर उठला.

"काकू का नाही आल्या? गुडघा?"

"हो."

हा 'हो' कुठून आला ते त्यालाही कळलं नाही.

"मग लांबडाच ना? शेवटी काकूच जिंकल्या म्हणायच्या."

चष्मेवाल्यानं बोट केलं. होडीकडे.

फिटर हसायचा थांबला. "हा? काकूंना चालेल?"

"काही म्हणाली नाही."

यात तरी खोटं काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, होडीच का? मीही विचारलं होतं. तर म्हणाला, "पाय लांब करणारं कोणी उरलंच नव्हतं. मग टाकी कशाला?" एवढाच विचार. वर्षभराचं भांडण तो जिंकला, आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

होडीच्या तळाला आतून गंज होता. फिटरनं तो घासला, वर काळा रंग मारला, चार बोल्ट आवळले. मग म्हणाला, "काका, आज ठेवून जा इथेच. उद्या न्या. रिकामी साइडकार वाईट. डावं वळण आलं की तिचं चाक हवेत उचलतं, आणि गाडी उजवीकडे उलथते. म्हणून आत कोणी नसलं की आम्ही तळाला वाळूचं पोतं ठेवतो. पण तळ ओला आहे, पोतं ठेवता येत नाही."

"आजच नेतो."

"हट्टच आहे का? बरं. मग डाव्या वळणाला गोगलगाय व्हायचं, सांगून ठेवतो. उद्या सकाळी परत या, बोल्ट एकदा ताणून देतो. आणि काकूंना आज बसवू नका. रंग सकाळपर्यंत वाळायचा नाही, उगाच ठसे उठतील."

"नाही बसवणार."

साडेनऊच्या सुमाराला तो निघाला. डोंगराचा रस्ता, वळणावळणाचा. उजव्या हाताला दरी. गाडी त्याच्या सवयीची राहिली नव्हती. हँडल डावीकडे ओढत होतं. दिव्याच्या उजेडात समोर रस्ता, बाकी सगळीकडे काळं. पहिली दोन वळणं उजवी होती, ती निघून गेली.

मग डावं आलं.

वेग कमी करायला हवा होता. त्याला कळलं, आपला हात ब्रेककडे जात नाहीये. चाक उचललं तर उचललं. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. सुटलो असं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. नुसता बघत राहिला. वळण जवळ आलं.

गाडी वळली.

चाक उचललं नाही.

त्याला वाटलं, वेग कमी पडला असेल. पुढचं डावं वळण आलं तेव्हा त्यानं मूठ पिळली. म्हणजे काय केलं, समजतंय ना तुम्हाला? मूठ पिळली.

चाक जमिनीला धरून होतं. घट्ट. भरल्या गाडीचं असतं तसं.

आणि डावीकडे, खाली, स्प्रिंग करकरली. एकदा. कोणी जरा सरकून नीट बसावं तशी.

त्यानं मान वळवली नाही.

तिसरं वळण. चौथं. साइडकार जमिनीला चिकटलेली. वारा होता तरी मानेवर घाम आला. बऱ्याच दिवसांनी त्याला स्वतःच्या अंगाचं काहीतरी कळत होतं, आणि ते हे होतं.

डोंगर उतरला की रेल्वेचं फाटक लागतं. ते बंद होतं. त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

शांत.

रुळांपलीकडे एक दिवा. बाकी काही नाही.

आता ऐका. इतक्या वर्षांत ते दोघं ज्या ज्या बंद फाटकाशी थांबले, तिथे तिथे ती एकच प्रश्न विचारायची. "किती वेळ हो?" जणू रेल्वेचं वेळापत्रक याच्याच खिशात आहे. आणि हा दर वेळी म्हणायचा, "येईल आता."

तो बसून राहिला. हँडल धरून. डोळे समोर.

कोणी काही बोललं नाही.

स्प्रिंग करकरली.

...

कोणी काही बोललं नाही, पोरांनो. आणि तरी त्याच्या तोंडून गेलं...

"येईल आता."

...

आगगाडी आली. डबे धडधडत गेले. फाटकवाला बॅटरी घेऊन बाहेर आला. उजेड आधी याच्या चेहऱ्यावर पडला. मग डावीकडे, साइडकारवर. आणि फाटकवाल्यानं पटकन बॅटरी खाली केली. एखाद्याच्या डोळ्यांत उजेड गेला की आपण ओशाळून हात खाली घेतो ना... तशी.

त्यानं फाटक उघडलं. यानं विचारलं नाही.

घर आलं. अंगणात गाडी लावली. उजव्या बाजूनं उतरला. ताडपत्री घेतली, आणि तोंड फिरवून, चाचपडत, साइडकारवर टाकली. दोरी बांधली. आत जाऊन दार लावलं आणि कपड्यांनिशी आडवा झाला. झोपला का? विचारलं मी. म्हणाला, "माहीत नाही."

सकाळी ताडपत्रीसकट गाडी तशीच फिटरकडे नेली. दोरी सोडली नव्हती. ती फिटरनं सोडली. ताडपत्री ओढली, आत वाकला. आणि भडकला.

"काय हो काका! सांगितलं होतं ना, काकूंना आज बसवू नका म्हणून?"

चष्मेवाल्यानं पहिल्यांदा आत पाहिलं.

काळ्या रंगात दोन पावलं उठली होती. उजवं चपलेचं, तळाच्या नागमोडी रेषा जशाच्या तशा. डावं अनवाणी. पाचही बोटं दिसत होती. पण ते पाऊल सरळ नव्हतं. पार टोकाशी आडवं वळलेलं, बोटं पत्र्याला दाबलेली.

फिटरचं आपलं चालूच होतं. "आणि हे बघा. पाय मावलाच नाही त्यांचा. मुरगळून बसल्यात बिचाऱ्या एवढा रस्ता. मी म्हणत नव्हतो, लांबडा घ्या? किती दुखलं असेल हो बाईमाणसाला. तुम्ही पण ना, काका..."

"ती नाही."

"नाही म्हणजे? मग कोण बसलं?"

"ती नाही रे आता. महिना झाला. ती गेली."

फिटरच्या हातातली ताडपत्री खाली पडली.

चष्मेवाला साइडकारची कड धरून उभा होता. ती धरूनच तो हळूहळू खाली बसला, त्या तेलकट जमिनीवर. आणि मग रडला. महिनाभराचं सगळं एकदम. फिटरला शब्द नीट लागत नव्हते. एवढंच कळत होतं, "तिला जागा पुरली नाही रे... मी आखूड घेतली... तिला जागा पुरली नाही..."

फिटरनं पाना घेतला. चार बोल्ट सोडवले. होडी उतरवली, लांबडा डबा चढवला. वाळूचं पोतं कोपऱ्यात होतं, त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

संध्याकाळी चष्मेवाल्यानं स्वतःहून लेकीला फोन लावला. "गाडी विकत नाही," म्हणाला, "पण सावकाश चालवेन. तू झोप." मग काय जेवला तेही सांगितलं. लेक पलीकडून रडत होती, हाही रडत होता.

राहिली ती होडी. आतला रंग कडक वाळला. फिटर ती कोणाला विकत नाही. भिंतीवर टांगलीये त्यानं, आतली बाजू आपल्याकडे करून. परवा त्या बाजूला गेलो तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. बोट फिरवून पाहिलं. उजवं पाऊल, चपलेच्या रेषा, सगळं तसंच.

डावं आडवं होतं, असं चष्मेवाला सांगतो. फिटरही शपथेवर तेच सांगतो. दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि वाळलेला रंग काही हलत नाही.

मी पाहिलं तेव्हा ते सरळ होतं. टाच मागे, बोटं पुढे. पाय लांब करून निवांत बसल्यासारखं.