न उजळलेली घळ

दर जूनमध्ये, टेकड्यांवरचा गहू अजून हिरवा असताना, अमेरिकेतल्या पॅलूस भागातल्या फोटो क्लबात अदलाबदल होते. प्रत्येकानं एक कच्चा, हात न लावलेला फोटो द्यायचा, चिठ्ठी उचलून दुसऱ्याचा घ्यायचा आणि तो आपल्या पद्धतीनं एडिट करायचा. मग ग्रेंज हॉलच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या सभागृहाच्या, भिंतीवर निनावी प्रिंट लागतात आणि चेरीचा केक खाता खाता सगळे ओळखतात, हात कुणाचा. ज्याचा हात पाहताक्षणी ओळखला जातो, तो जिंकला.

इंग्रिड टॉलफसनचा हात आजवर कुणी ओळखला नव्हता.

"छान आहे गं," क्लबचा म्हातारा अध्यक्ष लॉइड म्हणायचा. "पण आहे कुणाचा?"

शेल्बी ओकलीचा मात्र लोक दारातूनच ओळखत. दातांच्या दवाखान्यात काम करणारी ही पोरगी. वाऱ्यात ट्रायपॉड कसा रोवायचा, हे तिला इंग्रिडनंच शिकवलं होतं. आता तिच्या प्रत्येक फोटोत दोन टेकड्यांमधली एक घळ काळीकुट्ट असायची. बाकी सगळे सावल्या उचलतात, उजळ करून आतलं दाखवतात. शेल्बी त्या घळीला हात लावायची नाही, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथंच जाऊन पडायची.

यंदा इंग्रिडच्या चिठ्ठीत शेल्बीचं नाव निघालं. शेल्बीच्या चिठ्ठीत इंग्रिडचं.

"बाईंचा पेपर तपासायला मिळाला मला!" शेल्बी हसली. "आणि तू जरा जपून हं. माझ्या कच्च्या फोटोंना पाहुण्यांसमोर यायची सवय नाही."

घरी येऊन इंग्रिडनं फाइल उघडली. राखाडी दुपार. चपट्या टेकड्या. कोपऱ्यात विजेची तार. तिला आनंद झाला.

मागे.

एडिटमधला चुकीचा बदल मागे घेतात, तसा हा शब्दही मागे. आनंद नव्हे. पोटात गाठ होऊन बसलेलं काहीतरी सैल झालं. म्हणजे पोरीला वेगळा उजेड मिळत नव्हता तर! सगळं घरी बसून, एडिटमध्ये करत होती. मग ते कुणालाही जमेल.

तिनं आपल्या रीतीनं काम केलं. रंगांची ऊब कमी. तार पुसली. सावल्या वर, आणखी वर, घळीतली गव्हाची पात न् पात दिसेपर्यंत. जतन केलं आणि कॉफी ओतायला गेली.

परत आली तेव्हा घळ काळी होती.

तिनं केलेले बदल एकेक करून पाहिले. सगळे तिचेच, जिथल्या तिथं. शेवटचा, सावल्या वर. आणि पडद्यावर तो काळोख, ओल्या मातीसारखा.

पुन्हा केलं. पुन्हा काळी. मग तिनं स्वतःचाच एक जुना फोटो उघडला, लाल कोठाराचा. कोठारामागची उतरण तिच्या डोळ्यांदेखत मिटत गेली.

"शेल्बीचे फोटो कधी आणलेस?" नवरा आर्न जिन्यातून विचारत होता.

"कुठले?"

"हे काय, भिंतीवरचे. झकास दिसतायत. तुझे कुठे ठेवलेस?"

ती बाहेर आली. जिन्यातल्या फ्रेमा तिच्याच होत्या. शेल्बी अजून शाळेत होती तेव्हा इंग्रिडनं काढलेले फोटो. प्रत्येकात एक घळ काळी झाली होती. इंग्रिड घाबरली.

मागे.

घाबरली, हे खरंच. पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी गोड होतं. फोटो पहिल्यांदाच कुणाचे तरी दिसत होते. तिनं एकही फ्रेम उतरवली नाही.

दोन दिवसांनी दुकानात, दुधाच्या कपाटापाशी, शेल्बी भेटली. डोळ्यांखाली सूज.

"इंग्रिड, एक विचारू? हसू नकोस. माझ्या फोटोंमधली घळ..." ती थांबली. "सगळं दिसतं आता. काही केलं तरी दिसतं. जुन्यांतसुद्धा. तुझ्याकडे असं काही होतंय का गं?"

इंग्रिडनं दुधाची बाटली उचलली. हाताला गार लागली.

"नाही बाई. माझं अगदी छान चाललंय."

प्रिंट काढला. नियमाप्रमाणे पाठीमागे नाव लिहिलं. स्वतःचं. लिहिताना पेन अडकलं होतं, हेही तिला नीट आठवतं.

अदलाबदलीच्या संध्याकाळी हॉलच्या खिडक्यांतून ऊन आडवं आत येत होतं. लॉइड भिंतीपुढून चालत आला आणि इंग्रिडच्या प्रिंटपाशी थबकला.

"यात काय ओळखायचंय? झोपेतसुद्धा सांगेन. शेल्बी!"

सगळे हसले. त्यानं प्रिंट उलटा केला.

अक्षर इंग्रिडचं होतं. नाव, शेल्बी ओकली.

"ये की पुढे," लॉइड म्हणाला. "दरवर्षी काय लाजायचं?"

तो इंग्रिडकडे पाहत होता. सगळेच तिच्याकडे पाहत होते.

मागे.

मागे.

काही हललं नाही. टाळ्या सुरू झाल्या. अजून वेळ होता. एवढंच म्हणायचं होतं, अहो, मी इंग्रिड.

टाळ्या वाढल्या.

ती उठली.

लॉइडनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षं तिनं या हाताची वाट पाहिली होती. पुढच्या रांगेतली सुजल्या डोळ्यांची पोरगी टाळ्या वाजवत होती. जरा उशिरा, जरा जास्तच जोरात, ओठांवर हसू धरून.

लॉइड त्या पोरीकडे वळला. "इंग्रिड, आर्न बाहेर गाडीत काय करतोय? केक संपायच्या आत बोलव त्याला."

"नको," पोरगी म्हणाली. "आम्ही निघतोच. त्याला उद्या पहाटे फवारणीला जायचंय."

तिनं कोट चढवला आणि मागे न बघता बाहेर पडली.

टाळ्या चालूच होत्या. खिडकीतून गाडी दिसत होती. पोरगी गाडीजवळ आली तसं आर्ननं वाकून आतून दार उघडलं, आणि तिला बसता यावं म्हणून सीटवरची आपली टोपी उचलून घेतली.