टेबलावरचा हात

"मोबाइल पालथे ठेवा," काका म्हणाले. दिवे गेले होते आणि भाचरं-पुतणी गच्चीवर कोंडाळं करून बसली होती. "थापा नाहीत हं. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंबरोबर घडलेलं. गेल्या डिसेंबरातला पहिला रविवार."

बाई लेकीला घेऊन एका नामांकित कलावंताचं घर बघायला गेल्या होत्या. माणूस चित्रकारही आणि यंत्रं शोधून काढणाराही. घराचं आता संग्रहालय झालेलं. किल्ली दिली की पंख फडफडवणारा लाकडी पक्षी, जिना चढणारी खुर्ची, आणि कामाच्या टेबलावर त्याने स्वतःच्याच उजव्या हातावरून ओतलेला प्लॅस्टरचा हात. "विचार करताना ते टेबलावर पाची बोटं वाजवायचे," असं सांगून माहितीवाला मंडळींना घेऊन पुढच्या खोलीत गेला.

बाई जात्याच काळजीखोर. "हात लावू नकोस, टेकू नकोस, शिंकूसुद्धा नकोस!" एवढं बजावून होईपर्यंत लेकीने हात लावलाच. करंगळी कटकन तुटून बाईंच्या पायाशी.

बाईंनी ती पर्समध्ये टाकली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आवाज ऐकून माहितीवाला परत आला, तेव्हा तोंडून निघून गेलं, "मघाशी त्या मावशी इथं पुसत होत्या..."

दारातल्या साफसफाईच्या मावशींनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. लेक मात्र आईकडे बघत राहिली.

घरी आल्यावर लक्षात आलं, लेकीची पाण्याची बाटली तिथंच राहिली.

"उद्या आण की," नवरा म्हणाला.

"नको, आत्ताच जाऊन येते."

बाटली आपली निमित्ताला. करंगळी गुपचूप ठेवून यायची. ना कुणाला कळणार, ना कुणाचं वाकडं होणार.

साडेआठला पोचल्या. दार मावशींनीच उघडलं.

"बाटली ना? बघा आत. मी किल्ल्या द्यायला थांबलेय. उद्यापासून येऊ नका म्हणालेत."

बाईंनी पर्स छातीशी धरली.

"तुमची लेक गोड आहे हो," मावशी म्हणाल्या.

त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या, तर सोसवलं असतं.

आत अंधार. दिव्याचं बटण सापडेना. बाईंनी चाचपडत टेबल गाठलं, करंगळी त्या हाताशेजारी ठेवली आणि वळल्या.

टक. टक. टक. टक.

मग... काहीच नाही. पाचव्याची जागा रिकामी.

"मावशी?"

मावशींच्या किल्ल्या तर बाहेर, फाटकाशी वाजत होत्या.

टक. टक. टक. टक...

थांबलं. कुणी उत्तराची वाट बघावी, तसं.

बाई पळाल्या. बाटली राहिली. फाटकाशी मावशी दिसल्या, त्यांना सांगायचं होतं... तेही राहिलं.

गच्चीवर कुणी हललं नाही.

"पण काका, त्यांनी खरं सांगितलं का मग?" धाकट्या पुतणीने विचारलं.

काका पुढे झुकले.

"सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. उंबऱ्यावर लेकीची बाटली. तिच्यावर पांढरे ठसे... चार बोटांचे. मागे लेक येऊन उभी राहिलेली. बघत. बाईंनी बाटली उचलली. पाणी नव्हतं."

"मग?"

"आत काहीतरी खुळखुळलं."