बेरिल मावशीची हिरवी गाडी

या, त्या टायरवर बसा. त्या दुसऱ्यावर नको, त्यात पाणी साचलंय. एक गोष्ट सांगतो. ऐकताना तुम्हाला राग येईल. यायलाच पाहिजे. मला तर अजून येतो, आणि त्यातला थोडा माझा माझ्यावरच आहे.

आमचं थॉर्पिंगहॅम गाव इंग्लंडातल्या नॉरफोकच्या सपाट शेतांत आहे. इथं माझा मोडक्या गाड्यांचा भंगारवाडा. शाळेच्या स्वयंपाकघरातली बेरिल लार्टर सहा वर्षं दर शनिवारी इथं यायची. बाई एवढीशी. माझ्या खांद्याला तिचं डोकं लागत नाही. "अर्नी, स्टिअरिंग आलंय का रे एखादं?" असं विचारायची, आणि आलं असलं तर स्वतः खोलून, कागदात गुंडाळून न्यायची. घराशेजारच्या गॅरेजात ती लोखंडी नळ्या कापून, वेल्डिंग करून गाडी बांधत होती. दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला चिकटून धावणारी स्पोर्ट्स कार. इंजिन माझ्याकडच्या एका जुन्या गाडीचं. बाकी सगळं तिच्या हातचं.

आता पोरं. टॅम्सिन तेरा वर्षांची, तिचा भाऊ विल्फ दहाचा. बेरिल त्यांची सख्खी मावशी. आणि त्यांचा दोस्त ओनी, हॉस्पिटलातल्या नर्सबाईंचा मुलगा, बोलतो कमी आणि बघतो जास्त. ऑगस्टची सुट्टी होती. तिघं इथंच बसून चिप्स खात होती.

विल्फ म्हणाला, "क्रॅस्कसाहेब मोज्यांवर गाडी चालवतात."

"असू दे की," टॅम्सिन म्हणाली. "तू नाही का मोज्यांवर शाळेला निघाला होतास?"

"ते झोपेत होतं. हे जागे होते. बूट काढले, हिरवळीवर ठेवले, मग गाडीत बसले. फाटकापर्यंत गेले, परत आले, उतरून बूट घातले. लाल पट्ट्यांचे मोजे."

"कुठली गाडी?" ओनीनं विचारलं.

"मावशीचीच. हिरवी."

टॅम्सिनच्या हातातली चिप तशीच राहिली. मावशीची गाडी क्रॅस्कच्या अंगणात कशी? ती तर तपासणीला गेली होती.

डेसमंड क्रॅस्क म्हणजे गावच्या जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष. दरवाजाएवढा माणूस, बारा नंबरचे बूट. पोरं उठली ती थेट दुकानापाशी. तिथं जत्रेचं पत्रक लावलेलं. सोमवारी मैदानावर घरी बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा. आणि खाली छापलेलं: 'हिरवी स्पोर्ट्स कार. स्वतः बांधणारे, श्री. डेसमंड क्रॅस्क.'

तिघं बेरिलच्या मागच्या दारात पोचली तेव्हा ती घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती.

"मावशी, हे काय आहे?"

बेरिलनं वर बघितलं नाही. "आरडाओरडा नको गं. चहा घेता का?"

"चहा नको. गाडी तुझी आहे."

मग हळूहळू बाहेर आलं. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी लागते. तिची तारीख कशीबशी मिळाली, आणि त्याच आठवड्यात बेरिलला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जावं लागलं. क्रॅस्क म्हणाला, माझ्याकडे ट्रेलर आहे, मी नेतो. फॉर्मवर बांधणाऱ्याचं नाव लागतं, तिथं त्यानं स्वतःचं टाकलं. "सोयीसाठी," म्हणाला. बांधतानाच्या फोटोंची फाईलही सोबत नेली. गाडी पास झाली. गाडी परत आली नाही, फाईलही नाही.

"त्यांनी थोडी मदत केली," बेरिल म्हणाली. "नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवल्या. टोकं उघडी चालत नाहीत ना तपासणीला."

"किती टोप्या?" ओनीनं विचारलं.

"छत्तीस."

"तू सहा वर्षं आणि ते छत्तीस टोप्या," टॅम्सिन म्हणाली. "आणि नाव त्यांचं."

"जत्रा झाली की देतो म्हणालेत." तिनं एक शेंग दोनदा मोडली. "पण नॉरिच शहरातलं एक गिऱ्हाईक सोमवारी संध्याकाळी बघायला येणार आहे, असं त्यांच्या बायकोकडून कळलं."

"म्हणजे विकणार," विल्फ म्हणाला.

"मी काय करू? चारचौघांत तमाशा करू? गावात राहायचंय मला."

हे आमच्या लोकांचं दुखणं. कुणी पायावर पाय दिला तरी आम्हीच माफी मागतो. मला हे सगळं माहीत होतं, बरं का. मीच तिला इंजिन विकलं होतं. पण मी म्हटलं, त्यांचं ते बघतील. गावातले सगळे मोठे तेच म्हणाले. कुणी एक शब्द विचारला नाही.

पोरं माझ्याकडे आली आणि टॅम्सिननं मला जे काय ऐकवलं ते मी सांगणार नाही. खरं होतं तेवढं सांगतो.

ओनी मात्र माझ्या बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, "ते बूट का काढतात?"

"पाय दुखत असतील," विल्फ म्हणाला.

"अर्नीकाका, मावशीनं पेडल कसे बसवले होते?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अशा गाडीत पाय ठेवायची जागा म्हणजे अरुंद बोगदा. बेरिल खुर्चीत बसली, बूट घालून पाय पुढे केले, खडूनं कडा आखल्या आणि क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर त्या मापानं वेल्ड केले. तिचा पाय तीन नंबरचा. घरी बांधलेली गाडी म्हणजे शिंप्याकडचे कपडे. ज्याच्या मापानं शिवले, त्यालाच बसतात.

"मग सोमवारी त्यांनी बूट घालून चालवायला पाहिजे," ओनी म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"ते कशाला चालवतील? ट्रेलरवरनं ढकलत उतरवणार आणि शेजारी छाती काढून उभे राहणार," विल्फ म्हणाला.

टॅम्सिननं विचारलं, "परीक्षक कोण आहे?"

परीक्षक होत्या मिस ट्रिब. तीस वर्षं लोकांना गाडी चालवायचा परवाना देणाऱ्या, खरं तर न देणाऱ्या. मला त्यांनी दोनदा नापास केलंय. टॅम्सिननं त्यांना चिठ्ठी लिहिली. 'बाई, नुसत्या उभ्या गाड्या बघायला आम्हा मुलांना कंटाळा येतो. बांधणाऱ्यांनी मैदानात एकेक फेरी मारली तर?' क्रॅस्कबद्दल अक्षर नाही. उत्तर दुपारीच आलं. 'योग्य सूचना. पायात बूट हवेत.'

सोमवारी मैदानावर सगळं गाव. केकचे तंबू, भोपळ्यांची टेबलं, मधोमध दोरीच्या आत तीन गाड्या. बेकरीवाल्यानं आपली पिवळी गाडी फिरवली. शाळेच्या शिपायानं आपली फिरवली, धूर केला पण फिरवली. मग क्रॅस्कची पाळी.

त्यानं बूट काढले.

"बूट," मिस ट्रिब म्हणाल्या.

"मी नेहमी असाच चालवतो, मिस ट्रिब. गाडी पायाला कळते."

"मला बूट कळतात. घाला."

घातले. आत बसला. बूट आत गेले खरे, पण तिन्ही पेडलांवर मिळून एकच बूट बसत होता, दुसऱ्याला जागा नव्हती. इंजिन किंचाळलं, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा बेडूक. तिसऱ्यांदा पुढच्या रांगेतल्या आजोबांनी आपली खुर्ची उचलून मागे नेली.

मिस ट्रिब वाकल्या. "स्वतः बांधलीत, आणि तुमचाच पाय मावत नाही?"

"ही... बायकोसाठी बांधली."

केकच्या तंबूतनं त्याची बायको म्हणाली, "माझ्यासाठी? डेस, माझे पाय तुझ्याएवढे. माझे बूट तू घालतोस."

मैदान हसलं. पण टॅम्सिन हसली नाही. ती दोरीखालनं आत गेली. "ही बेरिल लार्टरनी बांधलीय. सहा वर्षं."

क्रॅस्क लालबुंद झाला. "ती? ती मला चहा आणून द्यायची. मी काम करायचो तेव्हा."

बेरिल मागे गर्दीत होती. हातात जॅमची बरणी, विकत घेतलेली. तिनं ती विल्फच्या हातात दिली.

"चहा," ती म्हणाली. फार मोठ्यानं नाही. "डेसमंड, त्या गाडीत चारशे अकरा वेल्ड आहेत. पाठीखालचा एक वाकडा आहे, कारण त्या दिवशी आई गेली होती. तू मला चहाचं सांगतोस. ऊठ."

तो उठला. मीही उठलो, लाज वाटून. म्हटलं, "इंजिन मी हिला विकलं. स्टिअरिंगही. हे मी आधीच बोलायला हवं होतं." बेकरीवाला म्हणाला, त्यानं खिडकीतनं तिला वेल्डिंग करताना रोज बघितलंय. बघा, तोंडं सगळ्यांना होती.

बेरिल आत बसली. टप, टप, दोन्ही पाय जागेवर. पाठ सीटला अशी लागली की जणू तिथनं कधी उठलीच नव्हती. गाडी मऊ आवाज करत निघाली. एक फेरी झाली. मिस ट्रिबनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बक्षिसाचा कप हातात घेतला. पण बेरिल थांबलीच नाही. फाटक उघडं होतं. ती फाटकातनं बाहेर पडली, चर्चच्या वळणाला हात बाहेर काढून इशारा दिला, आणि घरी गेली.

फोटोंची फाईल ओनीला ट्रेलरमध्ये सापडली, ताडपत्रीखाली. प्रत्येक फोटोत एवढीशी बेरिल, तोंडाला वेल्डिंगची काच. मिस ट्रिब ती फाईल आणि क्रॅस्क, दोघांनाही सोबत घेऊन नाव बदलायचा अर्ज भरायला बसल्या. नॉरिचचं गिऱ्हाईक आलं ते भोपळा घेऊन गेलं. कप बेरिलच्या घरी पोचवायला पोरांना पाठवलं. निघताना मिस ट्रिब ओनीला म्हणाल्या, "तू मोठा झालास की ये. तुला मी पास करीन बहुतेक." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं पदक.

तर आता माझं एक काम करा. बेरिलनं दुसरी गाडी सुरू केलीय. या वेळी चार माणसांची, पोरांनी हट्ट धरला. तिला एक गिअरबॉक्स हवाय. तुमच्या काकाच्या, मामाच्या शेडमध्ये धूळ खात पडला असेल, तर घेऊन या. पण माझ्याकडे ठेवू नका. चर्चच्या वळणावरचं तिसरं घर. दार वाजवा, आणि तिच्याच हातात द्या.