‘बिचारी’ खोडलेला अर्ज

जळगावच्या कॉलेजातल्या लायब्ररीत हेमांगी वहीत लिहीत होती. समोर एक मुलगा येऊन बसला आणि तिच्या अक्षराकडे बघतच राहिला.

“एक अर्ज लिहून देशील? माझं अक्षर बघूनच प्राचार्य नाही म्हणतील.”

तो हितेंद्र होता, धुळ्याचा, विद्यार्थी मंडळातला. हेमांगी हसली... पण मजकूर ऐकताच तिनं पेनाला टोपण लावलं.

कॉलेजात एक ट्रान्सजेंडर मुलगी होती. तिच्या दाखल्यावर जुनं, मुलाचं नाव होतं, म्हणून परीक्षेचा फॉर्म कुणी घेत नव्हतं. तिनं मंडळाच्या पेटीत निनावी चिठ्ठी टाकली होती.

चिठ्ठी हेमांगीचीच होती. डाव्या हातानं लिहिलेली.

“लिही,” हितेंद्र म्हणाला, “ती बिचारी मुलगी...”

“बिचारी नको.”

“का?”

“तिला आवडणार नाही.”

“विचारून आलीस वाटतं? बरं मॅडम, खोड. आणखी काय काढायचं?”

“ही दाढी.”

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला. एका पानाचा अर्ज, पण चार दिवस चालला. रोज एक वाक्य बदलायचं, रोज कॅन्टीनचा चहा व्हायचा.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेला दोघं प्राचार्यांपुढे उभे राहिले. “अशी मुलगी आपल्याकडे नाही,” ते म्हणाले. “असेल तर पाचच्या आत समोर आणा. बिननावाचा अर्ज मी घेत नाही.”

“सर, तिनं नाव कळवलं नाही...” हितेंद्रचा चेहरा उतरला.

साडेचार झाले होते. फॉर्म राहिला तर वर्ष गेलं. नाव सांगितलं, तर हितेंद्र गेला.

“मी आहे, सर,” हेमांगी म्हणाली.

प्राचार्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. हितेंद्र एकदम घरच्या अहिराणीवर आला, “तू शे ती?”

प्राचार्यांनी अर्ज पुन्हा वाचला. मग हेमांगीनं पुढे केलेल्या फॉर्मवर शेरा लिहिला: नावाची दुरुस्ती बाकी, फॉर्म स्वीकारावा.

जिना उतरताना हितेंद्र दोन पायऱ्या पुढेच चालला. संपलं, तिला वाटलं.

“धक्का बसला?”

“हो... चार दिवस तुलाच तुझी गोष्ट समजावत होतो. किती बावळट दिसलो असेन.”

“थोडासा.”

“सांगितलं का नाहीस?”

“चहा बंद झाला असता.”

तो थांबला. “माझं डोकं सुन्न झालंय, हेमांगी. पण एक सांगतो... चहा बंद होणार नाही. आता चल, खिडकी बंद होईल.”

आणि फॉर्मच्या भरल्या रांगेदेखत त्यानं तिचा हात धरला. आता धक्का बसायची पाळी तिची होती.