बेचाळीसच्या मागचा हंडा

"साहेब, माझ्या बायकोला तुम्ही बाकावर बसवून मारलंत. आता तिचाच आवाज चोरून त्याच बाकासमोर लावलात. तुम्ही खुनीही आहात आणि चोरही."

एवढं वाचून अंतरा सबनीसने कागद खाली ठेवला. पत्राला साहेबाचं नाव नव्हतं. पुढे मजकूरही नव्हता.

"कुठल्या साहेबाला लिहिलंय, आबा?"

"तेच तर कळत नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणतात, मशीन कंपनीचं. कंपनीत विचारलं तर म्हणतात, आवाजही आमचाच. तुम्ही शोधा, मी नाव भरतो."

आबा रोकडे आंबिवलीहून कल्याणला आले होते. सुधीरमामांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मामा बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाचीच्या या डिटेक्टिव्ह ऑफिसात बसत. त्यांना सगळं उशिरा कळायचं, पण समोरचा माणूस रडणार हे आधी कळायचं.

आबांची बायको वैशाली बालवाडीची बाई. मुलगा सम्यक कॉम्प्युटरवाला. फोनवरचं मराठी अंधांना वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्याने बनवला आणि त्यात आईचा आवाज घातला. आवाज फुकट आणि खुला. कोणीही घ्या, बदला, हवं तर विका. अट एवढीच की वैशालीचं नाव ठेवा आणि पुढच्यालाही तो असाच खुला द्या.

"दोन वर्षांपूर्वी तिला दम लागला. सरकारी दवाखान्यात तीन तास बाकावर. नंबरच आला नाही." आबांनी ग्लास तसाच धरला होता. "मी त्या दिवशी दिवा स्टेशनजवळ बहिणीकडे गेलेलो. सम्यक होता तिच्याजवळ. आता गेल्या महिन्यात मी तिथे बीपी तपासायला गेलो, तर भिंतीवरच्या डब्यातून वैशालीने माझा नंबर पुकारला."

मामांनी मान खाली घातली.

"त्याच आठवड्यात इंटरनेटवरून तिचा आवाज गायब. कंपनी म्हणते, मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, मालक आम्ही."

"तुम्हाला काय हवंय?"

"भिंतीवर तिचं नाव. आणि आवाज परत सगळ्यांना. ती कधी कोणाला नाही म्हणाली नाही हो." दारात ते थांबले. "एक राहिलंच. बेचाळीसच्या मागे हंडा वाजतो. रेकॉर्डिंग चालू असताना पाणी आलेलं, मी नळाखाली हंडा लावला. केवढी चिडलेली! म्हणाली, अहो, तुमच्यामुळे बेचाळीस पुन्हा घ्यायला लागणार."

दुसऱ्या दिवशी अंतरा आणि मामा त्या दवाखान्यात बाकावर बसली. एक्केचाळीस स्वच्छ. बेचाळीसच्या मागे पितळेवर धार पडल्याचा आवाज. त्रेचाळीस पुन्हा स्वच्छ. मध्येमध्ये तीच बाई म्हणायची, "बसून घ्या, नंबर येणारच आहे." अंतराने ते फोनवर टिपून घेतलं.

"किती मायेनं बोलते," मामा म्हणाले.

"मामा, मायेचं नंतर बघू. तिला दम लागलाय. ऐका."

केदार डोंबिवलीत राहायचा. प्रोग्रॅमचं सगळं सामान इंटरनेटवर तोच सांभाळायचा.

"आमच्यात लपवाछपवी चालत नाही," तो मोठ्या ऐटीत म्हणाला. "कोणी एक स्वल्पविराम बदलला तरी नाव आणि वेळ कायमची नोंदली जाते."

"बेचाळीस ऐकवा."

त्याच्या डिस्कवरचा बेचाळीस स्वच्छ होता. अगदी पहिल्या दिवशीचाही.

"सम्यक कच्चं रेकॉर्डिंग कुणाला देतच नाही," केदार म्हणाला. "फार काटेकोर. साधी खोकल्याची उबळ राहिली तरी पुन्हा घेतो."

"मग आवाज काढून कोणी टाकला?"

केदारने चष्मा पुसला. "ते... नाही सांगता येत."

ठाण्यात निशा एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मांध. प्रोग्रॅम सगळ्यात आधी तीच तपासायची.

"काका, तुम्ही खुर्चीत नाही, माझ्या डब्यावर बसताय," ती मामांना म्हणाली. मामा टुणकन उठले. मग ती हसायची थांबली. "नवा फोन घेतला, तर त्यात घालायला वैशालीबाईंचा आवाजच मिळेना. आता जो बोलतो तो मराठी वाचत नाही, चावतो. आईचं पत्र आलंय फोनवर, चार दिवस झाले. शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायचं नाहीये मला."

अंतराने दवाखान्यातलं रेकॉर्डिंग लावलं.

"आकडे आमचेच. पण 'बसून घ्या' आमचं नाही. आमचा प्रोग्रॅम शब्द जोडून वाक्य करतो, सांधा मला लगेच कळतो. हे एका दमात बोललंय. जिवंत बाई बोललीये, समोरच्या माणसाशी."

सम्यक घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात कामाला होता. खाली चहाच्या टपरीवर भेटला. मशीनवाली कंपनी वेगळी, तिच्याशी आपला संबंध नाही म्हणाला.

"खुल्या गोष्टींचं हेच होतं मॅडम. वापरतात सगळे, विचारत कोणी नाही. रात्री दोनला मेसेज येतो, बंद पडलंय, दुरुस्त कर. कसा आहेस, असा एकही नाही."

"आईचं नाव पुसलं, त्याचा राग नाही आला?"

तो चहाचे पैसे द्यायला उठला. टेबलावर त्याचा फोन पालथा पडला होता. पारदर्शक कव्हरच्या आत एक फिकट चिठ्ठी, वर ४२. लाँड्रीची पावती असेल, असं मामांना वाटलं. तसं त्यांनी परतताना अंतराला सांगितलंही. तिने रिक्षातूनच आबांना फोन लावला, रविवारी सगळ्यांना घरी बोलवा म्हणाली.

रविवारी आबांच्या घरी सगळे जमले. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी वैशाली.

"कंपनीने आवाज इंटरनेटवरून घेतलेला नाही," अंतराने सुरुवात केली. "तिथला बेचाळीस पहिल्यापासून स्वच्छ आहे. हंड्याचा बेचाळीस होता फक्त या घरात. म्हणजे तो घरातून गेला."

आबांनी मान वर केली.

"केदार, तुम्ही म्हणालात प्रत्येक बदलाला नाव असतं. मग आवाज काढणाऱ्याचं नाव नाही कसं? आहे. तुम्ही मित्राला झाकलंत."

केदारने हळूच मान डोलावली.

"'बसून घ्या' हे वाक्य जिवंत बाई बोलली, तेही धाप लागलेली असताना. त्या दिवशी, त्या बाकावर. बरोबर कोण होतं, ते आबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. राहिला हंडा. खोकलासुद्धा न ठेवणारा माणूस हंडा चुकून ठेवणार नाही. तो मुद्दाम ठेवला. मामा, ती लाँड्रीची पावती नव्हती."

मामांना तेव्हा कळलं. फार उशिरा, आणि एकदम सगळं.

सम्यकने फोन आबांपुढे ठेवला. "आईचा नंबर बेचाळीस होता. एक्केचाळीस झाला, शिपाई चहाला गेला, आला तो त्रेचाळीस ओरडला. मी भांडायला उठलो तर आईनेच हात धरला. शेजारची म्हातारी रडत होती, तिला म्हणाली, बसून घ्या, नंबर येणारच आहे. मी तिचं बोलणं नेहमी टिपायचो, तेव्हाही फोन चालू होता." त्याने चिठ्ठी कव्हरमधून बाहेर काढली. "कंपनी म्हणाली, त्याच दवाखान्यात मशीन लावतो, वर तिचं नाव लावतो. आवाज फक्त आम्हाला दे, फुकटचा बंद कर. वाटलं, तिथे परत कोणाचा नंबर चुकायला नको. आणि एकदा तरी तिचा बेचाळीस त्या भिंतीवरून पुकारला जावा. आपल्या घरातला, आबा. तुमच्या हंड्यासकट. सही केली. नाव त्यांनी लावलंच नाही."

"आणि आम्ही?" निशा म्हणाली. "माझ्या तोंडातला शब्द काढून भिंतीला दिलास रे."

"हो," सम्यक म्हणाला.

"एकदा खुलं दिलेलं परत घेता येत नाही," अंतरा म्हणाली. "सम्यकलाही नाही, कंपनीलाही नाही. केदारच्या डिस्कवरची प्रत खुलीच आहे. ती आज परत चढवा. कंपनीची तक्रार मी बघते."

केदारने तिथेच लॅपटॉप उघडला. आवाज परत चढवल्याच्या नोंदीत सम्यकने स्वतःचं नाव घातलं. थोड्या वेळाने निशाच्या फोनमधून वैशाली म्हणाली, "चिरंजीव निशास आशीर्वाद." निशाने घाईने फोन कानाला दाबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आबा मात्र चिठ्ठीकडेच बघत होते. "तिचा नंबर किती होता, हे दोन वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, आबा."

 आबांनी पेन मागितलं, अर्धवट पत्र मांडीवर घेतलं आणि सावकाश लिहीत गेले. मग कागद मामांकडे दिला. मोठ्यानं वाचा म्हणाले.

"साहेब, तुमचं नाव शोधत मी फिरणार नाही. तो बाक ज्याच्या हुकमात येतो, तो साहेब. मशीन आता दररोज बेचाळीस पुकारतं. माझी वैशाली तिथे बसली होती, जिवंत होती, नंबर हातात होता. त्या दिवशी बेचाळीस कोणी का पुकारला नाही? मी दिव्याला होतो, माझं उत्तर मी देईन. तुमचं तुम्ही द्या."