तिसऱ्या माणसाची जागा

ही गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राच्या बाबतीत नाही.

पटली नाही तर सोडून द्या. मलाही ती अजून नीट पटलेली नाही. पण त्या रात्री तंबूत मी होते, आणि...

आणि आणखी कोण होतं, तेच सांगायचंय.

गेल्या वर्षी थंडी नुकती पडायला लागली होती. शनिवार होता. आमच्या शहराबाहेर एक तळं आहे, त्याच्या काठावरची मोकळी जागा तंबू लावायला भाड्याने देतात. तिथे जायचं ठरवलं ताईने.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर माझी वेणी घालण्यापासून तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती मुलांना पोहायला शिकवते. सगळी मुलं मोजल्याशिवाय ती पाण्याजवळून हलत नाही. एकदा मोजणीत एक मूल कमी भरलं, तर ही कपड्यांनिशी पाण्यात उतरली होती. ते मूल कपडे बदलायच्या खोलीत बिस्कीट खात बसलेलं सापडलं. त्यावरून आम्ही तिला किती दिवस चिडवलं असेल.

अशी माझी ताई. हे आधीच सांगून ठेवते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं काम करते. मला दुसऱ्या शहरातल्या शाखेत पाठवणार होते. ताई म्हणाली, जायच्या आधी एकदा दोघीच कुठेतरी राहून येऊ. आयुष्यात कधी तंबूत झोपलो नव्हतो, तेवढं तरी करू.

तंबू घ्यायला गेलो तेव्हा दोघींना ओ की ठो कळत नव्हतं. दुकानदार बोलका होता. दोन माणसांचा तंबू म्हणजे दोन माणसं आणि अजिबात भांडण नाही, असं तो म्हणाला. वळायला जागा हवी असेल तर तिघांचा घ्या. त्याने दोन्ही तंबू दुकानातच उभे केले आणि आम्हाला आत आडवं व्हायला लावलं. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं आमचे पाय बघत होती आणि आम्ही आत फिदीफिदी हसत होतो.

मला लहान बरा वाटला. उबदार राहिला असता. ताईचे खांदे रुंद, झोपेत तिला सारखं वळायला लागतं. ती म्हणाली, मोठाच घेऊ.

थंडी वरून नाही, जमिनीतून येते, असं दुकानदाराने सांगितलं. म्हणून माझ्या दुखऱ्या पाठीसाठी हवा भरायची गादी घेतली आणि ताईसाठी फोमची चटई. दोन स्लीपिंग बॅगा घेतल्या, एकसारख्या, राखाडी, डोक्यावर टोपी असलेल्या. टोपीची दोरी ओढली की नुसता चेहरा बाहेर राहायचा. जाळीच्या खिडक्या बंद करू नका, असंही त्याने बजावलं. माणसाचा श्वास रात्रभर छताला लागतो आणि सकाळी त्याचंच पाणी अंगावर पडतं.

तळ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन होतं. राखणदार जागा दाखवून गेला तो पुन्हा फिरकला नाही. आमच्याशिवाय तिथे कुणीच नव्हतं. गाडी वर रस्त्याच्या कडेला लावली होती. तंबू उभा करताना काठ्या तीनदा उलट्या घातल्या. ताई मला म्हणाली, "ठमे, तू लोकांना चष्मे लावतेस ना? स्वतःलाही लाव एखादा."

ठमे हे माझं घरातलं नाव.

अंथरुणं घातली. एका कडेला मी. दुसऱ्या कडेला, दाराजवळ, ताई. सामान पायथ्याशी.

मधे जागा उरली... बरोबर एका माणसाची.

आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताई उलट खूश झाली, म्हणाली बघ किती ऐसपैस आहे.

उकडलेली अंडी आणि ब्रेड खाल्ला. अंधार पडल्यावर बाहेर बसवेना, इतका गारठा होता. लवकरच आत शिरलो. किडे किरकिरत होते, बेडूक ओरडत होते. ताई माझ्या नव्या शाखेबद्दल बोलत होती. तिचं बोलणं ऐकता ऐकताच मला झोप लागली.

जाग आली ती आवाजाने नाही.

आवाज बंद झाल्याने.

एकही किडा नाही. एकही बेडूक नाही. तळ्याचं पाणीसुद्धा गप्प.

शेजारी श्वास ऐकू आला. संथ. जवळून. ताई झोपेत मधल्या जागेत सरकली असणार, असं मला वाटलं. मला बरंच वाटलं.

मी हळूच विचारलं, "ताई, थंडी वाजतेय का गं?"

"हं."

एवढंच. अगदी माझ्या नाकासमोर.

मग ती अजून जवळ सरकली. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. गार होता... पण रात्रच तेवढी गार होती. मी डोळे मिटले.

तेवढ्यात दाराची चेन वाजली.

कर्र... कर्र...

फार हळू. एकेक दात मोजत लावावी तशी कुणीतरी चेन लावत होतं. बाहेरून.

आणि ताई तर माझ्यासमोर श्वास घेत होती.

हे स्वप्नच, असं मी स्वतःला सांगितलं. आणि खरं सांगते, मी झोपले. इतकी गाढ झोप मला आई गेल्यापासून लागली नव्हती.

उजाडलं तेव्हा मी एकटी होते.

ताईची फोमची चटई रिकामी होती. तिची स्लीपिंग बॅगही नव्हती. मधल्या जागेत हात फिरवला. तळाच्या कापडावर एकही सुरकुती नव्हती.

वर पाहिलं. माझ्या डोक्यावरच्या छताला पाण्याचे थेंब लागले होते. दुकानदाराने सांगितलं होतं तसेच.

मधलं छत कोरडं होतं...

रात्रभर तिथे श्वास चालू होता. मी ऐकला होता.

मी दाराकडे धावले. चेन उघडेना. दाराला दोन चेन होत्या, खालच्या कोपऱ्यात एकमेकींना भेटणाऱ्या. दोन्ही जागच्या हलत नव्हत्या. अडकल्या असतील म्हणून ओढत राहिले. मग खालच्या फटीतून दोन बोटं बाहेर घातली.

बोटांना दोरी लागली.

दोन्ही चेन बाहेरून बांधून टाकल्या होत्या. दोरीला काहीतरी लोंबत होतं. चाचपून पाहिलं तर शिट्टी. पोहण्याच्या तलावावर ताईच्या गळ्यात असते ती, इथेही तिने घातली होती.

गाठही ओळखीची होती. शाळेत जाताना माझ्या बुटांच्या नाड्यांना ती जी दुहेरी गाठ मारायची, तीच. ती मला न बघता सोडता येते. मी सोडली.

ताईला कुणीतरी ओढून नेलं, तिच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, असं काहीबाही मनात येत होतं. अनवाणी धावत चढ चढले.

ताई गाडीत होती.

स्टिअरिंगमागे बसलेली. स्लीपिंग बॅग गळ्यापर्यंत ओढलेली. सगळी दारं आतून बंद. डोळे उघडे.

मी काचेवर हात मारला. तिने माझ्याकडे पाहिलं. दार उघडलं नाही.

मग तिने माझ्या मागे पाहिलं. तंबूकडे. बराच वेळ पाहत राहिली... कुणी येतंय का, हे बघावं तसं.

शेवटी मागच्या दाराचा खटका वाजला. मागच्या. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

आम्ही तंबू, गाद्या, सामान सगळं तिथेच सोडून निघालो. वाटेत मी विचारत राहिले. ती आरशातून नुसती माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की बोलल्याशिवाय उठू देणार नाही. तेव्हा ती बोलली.

रात्री ती लघवीला बाहेर गेली होती. परत आली आणि दारातून टॉर्च आत मारला. सवयीने मोजलं.

"दोन भरल्या," ती म्हणाली. "मी बाहेर होते. आत एकच असायला हवी होती."

एक माझ्या गादीवर होती, एक मधल्या जागेत. दोघींच्या अंगावर तशीच राखाडी बॅग. तशीच टोपी. समोरासमोर तोंडं करून झोपलेल्या. दोन्ही चेहरे माझेच.

तिने टॉर्च विझवला. अंधारात एकीने विचारलं, ताई, थंडी वाजतेय का गं. दुसरी हं म्हणाली.

मी म्हणाले, "अगं, विचारणारी मी होते."

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"तीही हेच म्हणाली असती."

मग विचारलं, की एक हाक का मारली नाहीस. नुसती हाक.

"हाक मारली असती तर दोघी उठल्या असत्या."

म्हणून तिने हाक मारली नाही. दाराजवळची आपली बॅग तेवढी अलगद ओढून घेतली. बॅग घ्यायला ती विसरली नाही. चेन लावली. गळ्यातली दोरी काढून गाठ मारली. मला आत ठेवून.

तंबूत जे कुणी होतं त्याची भीती मला आजही वाटते. पण त्याने मला काही केलं नाही. दोरी बांधली ती ताईने.

तरी मनात एक आशा होती. तिला पळून जाता आलं असतं. गाडी होती, किल्ली होती. तरीही ती उजाडेपर्यंत वर बसून राहिली. ते माझ्यासाठीच असणार, असं मी धरून चालले होते.

मी विचारलं, "मग थांबलीस कशाला?"

ती टेबलावरचं फडकं घडी करत राहिली.

"गाडी सुरू होत नव्हती," ती म्हणाली. "रात्रभर किल्ली फिरवत होते. तू येऊन मागे बसलीस... आणि लगेच सुरू झाली."

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. मी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या शहरात आले. नोकरी बरी चालली आहे. खोलीही चांगली आहे, एकटीला पुरते.

त्या दिवसापासून ताईने मला ठमे म्हटलेलं नाही. नावानेही हाक मारत नाही.

फोन करते. दर रविवारी, न चुकता. पण मी उचलला की आधी काहीच बोलत नाही. मी हॅलो म्हणते, ताई बोल ना म्हणते, दुकानातलं काहीतरी सांगत बसते. ती नुसती ऐकत असते... आवाज ओळखून बघावा तशी.

मग विचारते, "बरी आहेस ना?"

मी हो म्हणते.

ती हे कोणाला विचारते, ते मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही.