भाजीवाल्याला दिलेलं उत्तर

"तुझ्यावाचून मी मरते, हे प्रार्थनेच्या रांगेत म्हणायचं असतं का?"

मागून आवाज आला आणि ऋजुताचं गुणगुणणं थांबलं. इंदूरच्या शाळेत स्पॅनिशचा तास यंदाच सुरू झालेला; आपलं स्पॅनिश गाणं कुणाला कळेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मागे नवा मुलगा, मानस. बाबांची पीथमपूरच्या कारखान्यात बदली झाली म्हणून पुण्याहून आलेला.

"तुला येतं?"

"थोडंफार. तू कुठे शिकलीस?"

"गाण्यांतून. आता सगळी गाणी प्रेमाचीच निघतात, तर मी क्या करू, भिया?"

"भिया?" त्याचा चेहराच पडला.

"इंदूर आहे हे. भिया म्हणजे भाऊ. इथे सगळेच भिया."

"मला वगळ त्यातून," तो पुटपुटला... आणि ऋजुता उगाच बुटाची लेस बांधायला वाकली.

मग मधल्या सुट्टीत डब्यातले पोहे अर्धे-अर्धे आणि गाण्याची एकेक ओळ दोघांत. चंद्र, काळीज, विरह – सगळे शब्द तिला पाठ झाले. कांदे-बटाटे राहूनच गेले. आणि राहिलं ते विचारणं... याला मी आवडते का?

स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेला शुभदा मॅडमनी विषय दिला, भाजीबाजार. मानस भाजीवाला, ऋजुता गिऱ्हाईक.

"के किएरेस?" त्यानं विचारलं. काय हवंय?

हा प्रश्न तर तिच्या कितीतरी गाण्यांत होता, आणि उत्तर दरवेळी तेच. जीभ थांबलीच नाही –

"आ ती."

तू हवास.

मॅडमचं पेन हवेतच. पहिल्या बाकावरच्या प्रियंकानं तोंडात रुमाल कोंबला. ऋजुतानं जीभ चावली. हे काय बोलून बसले मी... भर वर्गात! आता हा हसला, की संपलं सगळं.

मानस हसला नाही. "ते... विकायला नाही," तो अडखळत स्पॅनिशमध्येच म्हणाला. "आधीच देऊन टाकलंय."

तिचे डोळे भरून आले. तरी विचारलंच, "आ किएन?" कुणाला?

तो पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघत राहिला.

"आ ती."

तुला.

शुभदा मॅडमनी सावकाश चष्मा काढला.

"अहो भाजीवाले," त्या म्हणाल्या, "पोरीला निदान थोडी कोथिंबीर तरी द्या."